यादीतली पहिली तीन नावं

१२ मे २०२५, सोमवार. म्हसावद

काम मिळालं! पप्पांना सांगायला मळ्यात गेले तर ते केळीच्या घडांना पिशव्या चढवत होते.

"कसलं काम?"

"कॉम्प्युटरच्या अगदी तळाशी एक भाग असतो, कर्नल. त्याला सांगून ठेवता येतं की या फोल्डरवर लक्ष ठेव. आत कोणी फाइल आणली, बदलली, काढली की मला कळव. हे कसं वापरायचं ते नवशिक्यांसाठी लिहून काढायचंय. उदाहरणांसकट, सहा महिन्यांत."

"म्हणजे वॉचमन."

"हो, तसंच."

"आणि आवारात नवी खोली बांधली तर? तोच पुरतो की दुसरा लागतो?"

"दुसरा. प्रत्येक फोल्डरला वेगळा बसवावा लागतो."

"मग तो येईपर्यंत?"

पप्पांना शंका काढायची खोड आहे. म्हटलं, सेकंदाचा हजारावा भाग लागतो त्याला. ते हसले आणि पुढच्या घडाकडे वळले. (घरात आम्ही गुजरी बोलतो. इथे मराठीत लिहितेय, कारण दिवसभर इंग्रजीच लिहायचंय आणि रोज थोडं तरी डोकं धुवून निघायला हवं.)

काम मला मिळालं ते का, तेही लिहून ठेवते. अर्जासोबत मी अक्कलकुव्याच्या आरोग्य संस्थेसाठी दोन वर्षांपूर्वी लिहिलेला प्रोग्रॅम पाठवला होता. पुण्यातली नोकरी सोडून आल्यावर पहिलं केलेलं काम ते. संस्था सातपुड्यातल्या पाड्यांवर सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, तपासणी करते. वर नेटवर्क नसतं, म्हणून टॅबलेटवर नोंदी भरून आणायच्या आणि ऑफिसात तार जोडून कॉम्प्युटरवर उतरवायच्या. प्रत्येक कॅम्पचं एक नवं फोल्डर, प्रत्येक माणसाची एक फाइल. माझा प्रोग्रॅम पहारा देतो, आलेली प्रत्येक फाइल यादीत घेतो. पहिल्या चाचणीत संशय असला की त्या नावापुढे लाल खूण. सीमा नर्स त्यांना दुसऱ्या चाचणीसाठी नंदुरबारला बोलावते. दोन वर्षांत एक तक्रार नाही.

१९ मे, सोमवार. अक्कलकुवा

संस्थेला नवा कॉम्प्युटर बसवून दिला. कोणता घ्यायचा तेही मीच सांगितलं होतं. जुन्यावर एका कॅम्पच्या नोंदी उतरवताना चहा पिऊन व्हायचा, आता तार लावली की काम झालं. धर्मेंद्रभाऊ, म्हणजे संस्थेचे प्रमुख, बघतच राहिले. बोलतात ते अहिराणीच. "आते बठ्ठं फटाफट व्हई ऱ्हायनं ना वं!"

खूश होऊन परतले.

५ जून, गुरुवार

धर्मेंद्रभाऊंचा फोन. वरच्या पाड्यांचे कॅम्प घेणारा दिनेश म्हणतो, यादीत नावं कमी येतात. एक्केचाळीस लोक तपासले, यादीत अडतीस.

मी फोनवरच प्रोग्रॅमचं नोंदपुस्तक उघडायला सांगितलं. अडतीस सूचना आल्या, अडतीस नावं लिहिली गेली, चूक शून्य. मग तीन फाइली आल्याच नसणार. टॅबलेटवर 'जतन करा' दाबायचं राहिलं असेल. त्याला पुन्हा एकदा शिकवायला हवं.

१७ जून, मंगळवार

आज उतारा क्रमांक चार लिहिला, 'मर्यादा'. सोपा गेला. पहारा फक्त त्या एका फोल्डरवर असतो, आतल्या फोल्डरांवर आपोआप बसत नाही. आत नवं फोल्डर झालं की आधी त्याची सूचना येते, मग आपण तिथे पहारा बसवायचा. तेवढ्यात आत काही फाइली येऊन गेल्या तर त्यांची सूचना मिळत नाही. जुन्या मॅन्युअलात हे सविस्तर आहे, मी एका वाक्यात बसवलं: 'क्वचित काही सूचना सुटू शकतात.' नवशिक्यांना घाबरवायचं नाही.

उदाहरण म्हणून माझा अक्कलकुव्याचाच प्रोग्रॅम थोडा छाटून घातला. प्रत्यक्ष वापरातलं उदाहरण पुस्तकी उदाहरणापेक्षा केव्हाही बरं.

३० जून, सोमवार. अक्कलकुवा

दिनेशशी समोरासमोर बोलले. पस्तिशीचा माणूस, आडनाव वसावे, वरच्याच एका पाड्यावरचा. शाळेत शिकवतात तसं एकेक शब्द तोलून मराठी बोलतो.

"मॅडम, प्रत्येक वेळी दोन-तीन नावं कमी येतात. पहिली नावं. पहाटेपासून येऊन बसतात त्यांची."

"तुम्ही पहिल्या दोन-तीन जणांच्या वेळी घाईत असता. टॅबलेट सुरू होतोय तोवरच भरायला लागता."

"मी घाई करत नाही."

"मग फाइली जातात कुठे? सुनिताच्या गावांचं एकही नाव सुटत नाही. तिचंही तेच सॉफ्टवेअर आहे."

सुनिता सपाटीवरची गावं बघते. तिथे नेटवर्क आहे, त्यामुळे तिच्या नोंदी फोनवरून एकेक करत आरामात येतात.  दिनेशने खिशातून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. प्रत्येक कॅम्पची नावं, क्रमाने, हाताने लिहिलेली. अक्षर छान आहे. पण वहीत लिहिलं म्हणजे टॅबलेटमध्ये भरलं असं होत नाही, हे मी त्याला शांतपणे समजावलं. त्याने वही उचलली, परत खिशात ठेवली.

मला वाटतं त्याला पटलं.

११ जुलै, शुक्रवार

आज पुन्हा फोन. कॅम्पात चव्वेचाळीस, यादीत एक्केचाळीस. भाऊ वैतागलेत.

"मशीन खोटं बोलस का?"

"मशीन खोटं बोलत नाही, भाऊ."

"मंग तो आकडा वाढाई सांगी ऱ्हायना?"

मी म्हटलं, मला तसं म्हणायचं नाही. पण दोन गोष्टी आहेत. एक तर तो भरायला चुकतो, नाहीतर जे आलेच नाहीत त्यांची नावं वहीत लिहितो. तिसरं कारण मला तरी दिसत नाही.

फोन ठेवल्यावर थोडं चुकल्यासारखं वाटलं. पण खरं ते सांगायलाच हवं.

२२ जुलै, मंगळवार

दिनेशचे कॅम्प बंद केले. सीमा नर्सने कळवलं. ती स्वतः धडगावकडची, कमी बोलते. फोनवर एवढंच म्हणाली, "ताई, त्याच्या पाड्यावर दुसरं कोणी जाणार नाही. रक्त तपासायला लोक त्यालाच हात पुढे करतात." मी म्हटलं, नवा माणूस शिकेल. ती "बरं" म्हणाली.

माझं काम मात्र झकास चाललंय. सात उतारे पूर्ण. संपूर्ण मसुदा काल रिव्ह्यूअरकडे गेला. फिनलंडमधले निवृत्त गृहस्थ आहेत, वीस वर्षं कर्नलचे दस्तऐवज तपासतात. मी त्यांना मनातल्या मनात आजोबा म्हणते. आजोबा कौतुकाने वाचतील अशी खात्री आहे.

४ ऑगस्ट, सोमवार

आजोबांचं उत्तर आलं. भाषेचं कौतुक, दोन ओळी. मग हे:

'उतारा चार. "क्वचित काही सूचना सुटू शकतात." क्वचित म्हणजे केव्हा? काही म्हणजे कोणत्या? ज्याच्या फाइली हरवल्या तो माणूस हे वाक्य वाचून आपलं दुखणं ओळखेल का? दुसरं, तुमचं उदाहरण तुम्ही स्वतः चालवून पाहिलंत का? मी पाहिलं. नवं फोल्डर करून त्यात लगोलग दहा फाइली टाकल्या. प्रोग्रॅमला सातच दिसल्या.'

असं होणारच नाही. हा प्रोग्रॅम दोन वर्षं रोज चालतोय. त्यांच्याकडे काहीतरी वेगळं असेल. उद्या सविस्तर उत्तर लिहीन.

५ ऑगस्ट, मंगळवार

उत्तर लिहायच्या आधी म्हटलं आपणही करून पाहू. फोल्डर केलं, दहा फाइली टाकल्या.

आठ.

पुन्हा केलं. सात. पुन्हा. सात. फाइली मुद्दाम सावकाश, एकेक सेकंद थांबत टाकल्या तर दहाच्या दहा. पटापट टाकल्या की पहिल्या दोन किंवा तीन गायब. दरवेळी पहिल्याच.

पहिली नावं. पहाटेपासून येऊन बसतात त्यांची.

खुर्चीवरून उठून गच्चीत गेले. परत आले. आईने जेवायला हाक मारली, भूक नाही म्हणून सांगितलं.

सगळं अगदी साधं आहे. दिनेश तार लावतो. नवं फोल्डर तयार होतं, प्रोग्रॅमला त्याची सूचना मिळते, तो पहारा बसवायला निघतो. तो पोचायच्या आत दोन-तीन फाइली आत येऊन बसलेल्या असतात. जुना कॉम्प्युटर इतका संथ होता की पहारा आधी पोचायचा. नवा मी निवडला. सुनिताच्या फाइली रेंगाळत येतात म्हणून तिचं एकही नाव सुटलं नाही. आणि ज्या नोंदपुस्तकावर मी एवढी विसंबून राहिले त्यात मिळालेल्या सूचनांचीच नोंद असते. न मिळालेल्यांची कुठून असणार?

हे सगळं मी १७ जूनला स्वतःच्या हाताने लिहिलंय.

फाइली हरवलेल्या नाहीत. त्या अक्कलकुव्याला फोल्डरातच पडून असणार. अडीच महिन्यांत एकदाही ते फोल्डर उघडून बघायचं मला सुचलं नाही. यादी बघितली, फोल्डर नाही.

६ ऑगस्ट, बुधवार. अक्कलकुवा

पहिल्या बसने निघाले. सीमाला घेऊन कॉम्प्युटरपुढे बसले आणि एकेक फोल्डर उघडलं. नवा कॉम्प्युटर आल्यापासून दिनेशचे नऊ कॅम्प झाले. फोल्डरांत आहेत पण यादीत नाहीत अशा फाइली सव्वीस. त्यांतल्या पाचांवर संशयाची खूण. दिनेशची वही त्याचे कॅम्प बंद झाले तेव्हा ऑफिसात जमा झाली होती. बघायची गरजच नव्हती, पण मी बघितली. सव्वीसही नावं तिच्यात होती, त्याच क्रमाने.

पाचांपैकी एका नावाशी सीमाचं बोट थांबलं. सुनिता, वय बावीस, वरचा पाडा, गरोदर. (आमची सुनिता नव्हे, ही त्या पाड्यावरच्या कालीबाईंची सून, असं सीमाने सांगितलं.) कॅम्प २३ मेचा, तेव्हा चौथा महिना.

"म्हणजे आता सातवा," सीमा म्हणाली. "सिकलसेल असेल तर बाळंतपण घरी नाही चालणार. तिला आत्ताच खाली आणायला पाहिजे."

धर्मेंद्रभाऊंना सांगितलं. पहिलं वाक्य म्हणायला फार जड गेलं, नंतरची आपोआप आली. 

"मी त्याले काढं. तुन्हा शब्दवर."

"हो."

"मंग आते तूच जा त्यानाकडे."

७ ऑगस्ट, गुरुवार

गेले. सीमा बरोबर होती. जीप जिथवर जाते तिथवर जीप, पुढे चालत. दिनेश त्याच्या भाताच्या खाचरात होता, गुडघाभर चिखलात. मी बांधावर उभी राहूनच बोलले. तसं ठरवलं नव्हतं, पण वाट बघवेना.

"चूक माझ्या प्रोग्रॅमची होती. तुमची एकही नव्हती. सव्वीस नावं सापडली. तुम्ही सांगत होतात ते अक्षरन् अक्षर खरं होतं आणि मी तुम्हाला खोटं ठरवलं."

त्याने हातातली रोपं खाली ठेवली. "सव्वीस?"

"सव्वीस."

"माझे सत्तावीस होतात."

वही सीमाकडे होती. त्याने बांधावरच बसून ती बघितली, बोटाने मोजली. एक नाव दोनदा लिहिलं गेलं होतं. "सव्वीस," तो म्हणाला. मग विचारलं, "लाल खूण किती?"

"पाच. कालीबाईंची सून त्यात आहे."

 त्याने पाय धुतले, शर्ट चढवला आणि आमच्या पुढे चालू लागला.

कालीबाई दारात मका सोलत होत्या. दिनेश त्यांच्याशी भिलीत बोलत राहिला, खूप वेळ. मला एक शब्द कळत नव्हता, फक्त माझ्याकडे हात झाला तेव्हा माझ्याबद्दल चाललंय एवढं कळलं. कालीबाईंनी माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं.

"त्या विचारतात," दिनेश म्हणाला, "जूनमध्ये सुनिताचे हातपाय दोन दिवस असे दुखले की आम्ही तिला झोळीत घालून खाली नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कधी तपासणी झाली का. आम्ही म्हटलं झाली, निरोप येईल म्हणाले होते, आला नाही म्हणजे काही नसेल. तर तो निरोप कुठे होता?"

"कॉम्प्युटरात होता," मी म्हटलं. "मी बघितला नाही."

दिनेशने ते सांगितलं. पाच-सहाच शब्द लागले असावेत. कालीबाईंनी मान हलवली, टोपली बाजूला सारली आणि सुनेला हाक मारली. सुनिता बाहेर आली ती आवरूनच. अंगणात उभी राहून सगळं ऐकत होती.

तिला घेऊनच खाली उतरलो.

१३ ऑगस्ट, बुधवार

नंदुरबारची तपासणी आली. सुनिताला सिकलसेल आहे, नुसती वाहक नाही, पूर्ण आजार. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. गोळ्या सुरू झाल्या, रक्ताची सोय करून ठेवणार आहेत, शेवटचे दिवस तिथेच राहायचं. बाकी चौघांत दोघे वाहक, दोघांना काहीच नाही.

'वेळेत आणलंत' हे दिवसभर कानात आहे. मी आणलं नाही. आजोबांनी दहा फाइली टाकून बघितल्या नसत्या तर मी अजून दिनेशला 'जतन करा' शिकवत असते.

२० ऑगस्ट, बुधवार. अक्कलकुवा

प्रोग्रॅम दुरुस्त केला. दुरुस्ती पंधरा ओळींची. पहारा बसवायचा आणि बसवल्याबरोबर फोल्डर उघडून आत आधीपासून काय आहे ते स्वतः बघायचं. एखादी फाइल दोन्हीकडून दोनदा आली तर एक गाळायची. दोनदा येणं चालेल, एकदाही न येणं चालणार नाही. शिवाय रोज फोल्डरातल्या फाइली आणि यादीतली नावं मोजून पडताळायची. जमलं नाही तर पडदा लाल.

दिनेश कामावर आला आहे. दुरुस्तीनंतर मी त्यालाच म्हटलं, आता तुम्ही याला चकवून दाखवा. गडी तासभर बसला. तार लावतोय, मध्येच काढतोय, रिकामं फोल्डर, फोल्डरात फोल्डर. शेवटच्या खेपेला पडदा लाल झाला. फोल्डराच्या आत अजून एक फोल्डर एकदम आलं तर मी आतलं बघायला विसरले होते!

"हे बघा," तो म्हणाला. पहिल्यांदा हसला.

तेही दुरुस्त केलं. मग त्याला काहीच सापडेना. आता खात्रीने सांगते, हा प्रोग्रॅम पक्का आहे. ही खात्री मेमधल्या खात्रीहून वेगळी आहे, कारण ही दुसऱ्या माणसाने तासभर ठोकून पाहिली आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार

उतारा चार नव्याने लिहिला. एका वाक्याची अडीच पानं झाली. नवं फोल्डर झाल्यापासून पहारा बसेपर्यंत काय काय होऊ शकतं, क्रमाने. सुटतात त्या नेहमी पहिल्या फाइली असतात. मशीन जितकं वेगवान तितक्या जास्त सुटतात. तुमचं नोंदपुस्तक तुम्हाला हे कधीच सांगणार नाही. कोणी येऊन म्हणालं की आकडा जमत नाही, तर आधी फोल्डर उघडा. चुकलेला प्रोग्रॅमही तसाच ठेवला, वर लिहिलं, 'हा चूक आहे. का ते ओळखा.' शेजारी दुरुस्त केलेला.

आजोबांना पूर्ण हकिगत कळवली. पाडा, कालीबाई, सगळं. त्यांचं उत्तर एका ओळीचं: 'आता हा उतारा कोणीही वाचला तरी ओळखेल.'

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सुनिताला मुलगी झाली. बाळ सव्वादोन किलो, आई ठीक. एक बाटली रक्त द्यावं लागलं, ते तयार होतं. सीमाने फोनवर रडतच सांगितलं, आणि मग सुटीच्या दिवशी बाळाची तपासणी करायला कोणाला बोलवायचं यावर माझ्याशी भांडली.

४ नोव्हेंबर, मंगळवार. अक्कलकुवा

सगळे उतारे मंजूर झाले. आज शेवटची प्रत पाठवायची होती. कर्नलच्या कामात एक रीत आहे. दुरुस्ती पाठवताना तळाशी एक ओळ लिहितात, ही चूक कोणी कळवली त्याचं नाव. ते नाव कायमचं राहतं, जगात कोणीही उघडून पाहू शकतं. त्यासाठी माणसाला विचारावं लागतं. म्हणून मुद्दाम अक्कलकुव्याला आले.

दिनेश कॅम्पाहून येऊन तार लावत होता. त्याला सगळं सांगितलं.

"पण चूक तर त्या परदेशातल्या सरांनी काढली."

"त्यांनी ऑगस्टमध्ये काढली. तुम्ही जूनमध्ये सांगितली होती. किती सुटतात, कोणती सुटतात, सगळं बरोबर."

"मी चूक दाखवली नव्हती, मॅडम. मी तक्रार केली होती. तुम्ही ऐकली नाही."

"हो," मी म्हटलं. "ती ओळ त्या तक्रारीसाठीच आहे."

त्याने पडद्याकडे बघितलं. नावं उतरत होती. सदतीस, अडतीस. खाली आकडे जुळल्याची हिरवी पट्टी आली.

"बापाचं नाव पण टाका," तो म्हणाला.

"तिथे नुसतं नाव आणि आडनाव लिहितात."

"करणसिंग. टाका."

मी टाकलं. त्याने खुर्ची ओढून घेतली आणि इंग्रजी अक्षरं एकेक करून तपासली. आडनावात मी एक अक्षर चुकवलं होतं ते बोट ठेवून दाखवलं. दुरुस्त केलं. मग त्याने मान हलवली, आणि मी पाठवण्याची कळ दाबली.